फराळाच्या डब्यावर गणपती छापावा का?

नाशिकहून एका ताईंनी विचारलं आहे. 2 वर्षं त्या घरून दिवाळीचा फराळ विकतात. यंदा पहिल्यांदाच छापील डबे करायचे ठरवलेत, 3000 नग. झाकणावर गणपती, चारी बाजूंना स्वस्तिक आणि ॐ, तळाशी लक्ष्मीची पावलं. नमुन्याचा फोटो ग्राहकांना पाठवला, तर एका बाईंनी लिहिलं, ‘लाडू संपल्यावर बाप्पाला कचऱ्यात टाकायचं का?’ इकडे सासूबाई म्हणतात, गणपतीशिवाय शुभकार्याला सुरुवात होतेच कशी? त्यातले 200 डबे जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात जायचे आहेत. काय छापावं, काय टाळावं आणि यात कायद्याची काही भानगड आहे का, असं ताईंचं विचारणं आहे.

ताई, मी पुण्यात 34 वर्षं छपाईत आहे. निम्मं आयुष्य लग्नपत्रिकांत गेलं, उरलेलं मिठाईच्या नि अगरबत्तीच्या खोक्यांत. देव छापूनच पोट भरलं म्हणा ना. आधी उत्तर सांगून टाकतो: झाकणावरचा गणपती काढा, तळाची पावलं तर आजच काढा, आणि बाप्पाला डब्याच्या आत एका वेगळ्या कार्डावर बसवा. सासूबाईंचाही मान राहील आणि त्या ग्राहक बाईंचाही. आता कारणं सांगतो. पुढच्या वर्षी तुम्ही उटण्याची पाकिटं काढाल, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहणार आहे.

देवाचं चित्र काढायलाच नको, अशी आपल्याकडे भानगड नाही. उलट आपण देवाला कुठं बसवलेलं नाही? रिक्षाच्या काचेवर, गॅरेजच्या पत्र्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, वजनकाट्याच्या बाजूला. त्यामुळे ‘धार्मिक चिन्ह वापरू नका’ असं कुणी सरसकट सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. मात्र तीन गोष्टी आपल्या माणसाला खटकतात, आणि त्या अगदी आतून खटकतात: पाय, उष्टं आणि कचरा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी म्हणायचा श्लोक आठवा, ‘विष्णुपत्नि नमस्तुभ्यं पादस्पर्शं क्षमस्व मे’. जमिनीवर पाय ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, तरी आधी क्षमा मागायची. कागदाला चुकून पाय लागला तर हात लावून तो हात छातीला नेणारी माणसं आजही आमच्या प्रेसमध्ये आहेत, आणि दिवसभर तीच माणसं कागदाच्या ढिगाऱ्यात वावरत असतात. खंडेनवमीला आम्ही कटिंग मशीनला हार घालतो. एरवी त्याच मशीनखाली रोज हजारो ‘श्री’ कापले जातात. यात विसंगती आहे का? आहे. पण आमच्या मनात ती कशी बसलेली आहे, हे कळलं की डबा कसा करायचा तेही कळतं.

रांगोळी घ्या. चातुर्मासात कितीतरी बायका रोज स्वस्तिकं काढायचा नेम घेतात, 33 गोपद्मं काढतात. ती काढतात कुठं? जमिनीवर, देवापुढे, तुळशीपुढे, उंबऱ्याशी. म्हणजे जमीन वर्ज्य नाही. गौरी येतात तेव्हा दारापासून घरात पावलं उमटवतात, तीही जमिनीवरच. मग फरक कुठं आला? रांगोळी दुसऱ्या दिवशी सड्यासारवणाबरोबर जाते. कुंकवाचं बोट पुसट होत होत नाहीसं होतं. आंब्याच्या पानांचं तोरण वाळतं आणि गळून पडतं. मातीचा गणपती पाण्यात विरघळतो. जुन्या माणसांनी चिन्हं अशा वस्तूंची केली, की त्यांचं जाणंही त्यांच्यातच होतं. तुमच्या 300 जीएसएमच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या, वरून चकचकीत प्लास्टिक लॅमिनेशन मारलेल्या डब्यावरचं स्वस्तिक मात्र कुठंही जात नाही. लाडू संपतो, शेव संपते, आणि ते स्वस्तिक गोदावरीकाठी नाहीतर कचराडेपोवर वर्षभर तसंच टवटवीत पडून राहतं. त्या ग्राहक बाईंना खुपलं ते हेच. तुम्ही देवाला बोलावलंत, पण पाठवणीची सोय केली नाहीत.

इथं एक शास्त्राचा मुद्दा हमखास काढला जातो, आणि काढणाऱ्याचं चुकत नाही. छापील चित्राची प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, मग तो देव कसला? गणेशोत्सवात गुरुजी उत्तरपूजा करतात, ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता वाहतात, मूर्ती जागची किंचित हलवतात, आणि तिथून पुढं ती माती. मूर्तीची जर ही व्यवस्था, तर जिची प्रतिष्ठाच झाली नाही ती छपाई म्हणजे नुसती शाई. शास्त्रात हे बसतं. पण एखाद्या पिंपळाच्या पारावर जाऊन बघा. काच तडकलेल्या तसबिरी, गेल्या वर्षीची कॅलेंडरं, पत्रिकांवरचे कापून काढलेले गणपती, सगळे झाडाच्या बुंध्याशी रांगेत टेकवून ठेवलेले दिसतील. त्यातल्या एकाचीही प्रतिष्ठा झालेली नसते. तरी फेकायला हात धजत नाही म्हणून माणसं ते चालत चालत तिथवर नेतात. ग्राहकाचा हात शास्त्र विचारून थांबत नाही, आणि आपल्याला डबा त्या हातासाठी करायचा आहे.

हे सगळं आजचं नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर पडले. त्याआधी पुष्कळांना देव बघायचा तर देवळात जायला हवं, आणि देवळात कुणाला घेत होते नि कुणाला नाही, हे नाशिककरांना मी सांगायला नको. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा. छापील लक्ष्मीने मात्र कुणाची जात विचारली नाही, ती कुणाच्याही भिंतीवर जाऊन बसली. मला आमच्या धंद्याचा अभिमान वाटतो तो एवढ्यासाठी. मात्र लगोलग तीच चित्रं कापडगिरण्यांच्या ठाणांवरच्या टिकिटांवर, म्हणजे लेबलांवर, आली, मग काडेपेट्यांवर, मग फटाक्यांवर. लक्ष्मी बॉम्ब आपण सगळ्यांनीच उडवलाय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जिची पूजा करायची तिच्याच चित्राला वात लावायची, आणि पाडव्याला सकाळी सफाई कामगाराने तिचे तुकडे झाडायचे. लहानपणी कुणाला काही वाटलं नाही. आता वाटतं. संवेदनशीलता वाढली म्हणून नाकं मुरडणारे आहेत, पण फटाक्याच्या बाबतीत तरी मला ती उशिराच वाढली असं वाटतं.

जिन्याच्या कोपऱ्यातल्या टाइल्सबद्दलही माझं असंच मत आहे. लोक थुंकू नयेत म्हणून गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, सगळे एका ओळीत चिकटवायचे. भिंतीवर असे देव लावू नयेत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकासुद्धा गेली होती; 2022 मध्ये ती फेटाळली गेली. कायद्याने चालत असेल, पण देवाला रखवालदार म्हणून मुतारीच्या भिंतीपाशी उभं करणं आणि वर आपण श्रद्धाळू म्हणवणं मला जमत नाही. मी त्या टाइल्सची डिझाइनं करायचं काम कधी घेतलं नाही.

असो, तुमच्या डब्याकडे येतो.

झाकणावरच्या गणपतीचं पुढं काय होतं ते बघा. कुरिअरवाला लेबल चिकटवतो ते बरोबर तोंडावर. टेप फिरते पोटावरून. गोदामात डब्यावर डबा चढतो, कधी पोरगं त्यावर बसतं. घरी आल्यावर कात्री चालते. मग तुपकट बोटं लागतात, चकलीचा चुरा, रिकामा डबा. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे डब्याच्या मागं तुम्ही ते ‘कचरा कुंडीत टाका’ सांगणारं माणसाचं चिन्ह छापणार, ॐ पासून दोन बोटांवर. तुमचा नमुना मी पाहिलेला नाही, पण शंभरातल्या नव्वद खोक्यांवर ते तसंच असतं म्हणून म्हणतो.

घडीचंही बघा. डबा पंचिंगला, म्हणजे साच्याने कापायला, जातो तेव्हा क्रीजच्या, म्हणजे घडीच्या, रेघा कुठून जातात हे डिझाइन करणाऱ्या पोराला पडद्यावर जाणवत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळातली चूक सांगतो. एका घरची पत्रिका होती, तीन घड्यांची, मधोमध मोठा गणपती. छापून झाली, सुंदर आली. घडी घातली तेव्हा रेघ बाप्पाच्या बरोबर गळ्यातून गेली. पत्रिका उघडली की शाईला गळ्यापाशी तडा. मुलीच्या आजोबांनी पत्रिका हातात घेतली, उघडली, मिटली आणि एक शब्द न बोलता टेबलावर परत ठेवली. 500 पत्रिका पुन्हा छापून दिल्या, माझ्या खर्चाने. आजोबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या रद्द पत्रिकांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे एक वयस्कर बाइंडर होते, आम्ही मामा म्हणायचो त्यांना. त्यांनी एकेक पत्रिका घेऊन गणपतीचा भाग वेगळा कापला आणि त्याचा गठ्ठा बांधला. बाकीचं रद्दीत. मी म्हटलं, मामा, रद्दी शेवटी कागद गिरणीतच जाते, तिथं लगदाच होतो, मग गणपती त्यात गेला तर काय बिघडलं? मामा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, लगदा होतो खरा, पण मधे रद्दीवाल्याच्या पोत्यात किती दिवस पडेल, कोण पाय देईल, ते तुला माहीत आहे का?

त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. लगदा म्हणजे पाण्यात विरघळणंच. विसर्जनाच्या जवळ जाणारं कागदाला दुसरं काही नाही. म्हणून पहिली सूचना: प्लास्टिक लॅमिनेशन करू नका. फिल्म चढवलेला कागद गिरणीला नको असतो, म्हणून तो रद्दीतही नीट जात नाही. वॉटर बेस कोटिंग मागा. चमक थोडी कमी, पण डबा कागद म्हणून जगेल आणि कागद म्हणूनच संपेल. आतल्या बाजूला फराळ लागणार, तिथं खाद्यपदार्थांना चालणारा बोर्ड किंवा अस्तर हवंच, ते वेगळं.

आता चिन्हांचं. सगळी सारख्या वजनाची नसतात. देवाचं मुख सर्वांत जड, मूर्ती असो की चित्र. डोळे आले की माणूस थबकतो. त्याखालोखाल नाव आणि मंत्र. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ लिहिलेला कागद पुसायला घेताना हात अडतो. ॐ चिन्हासारखा वापरतात, पण तो मंत्रच आहे हे विसरू नका. मी त्याला स्वस्तिकापेक्षा जड मानतो. नुसता ‘श्री’ त्यामानाने हलका, किराणा मालाच्या यादीवरही आपण तो लिहितोच. मग वस्तू: कलश, पणती, कमळ, मोरपीस, आंब्याचं तोरण. यांच्यात देव सुचवलेला असतो, पण बसवलेला नसतो. डब्याच्या बाहेरच्या अंगाला या शेवटच्या पायरीवरची चिन्हं घ्या. नाशिकच्या घरचा फराळ आहे, तर काळ्या पाषाणाची दीपमाळ रेखाटून घ्या की. देखणी दिसेल आणि कुणाला खुपणार नाही.

तळावरची पावलं का नकोत ते तुमच्या लक्षात आलंच असेल. डबा ठेवला की ती खाली दबणार. शिवाय पावलांना दिशा असते. लक्ष्मी आत येते. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या पिशवीवर पावलं तळाकडून तोंडाकडे चढत गेली होती, म्हणजे लक्ष्मी पिशवीतून बाहेर निघालेली! एका मारवाडी व्यापाऱ्याने दाखवून दिलं, तोवर 2000 पिशव्या वाटून झाल्या होत्या.

दिशेवरून आठवलं, आणि हे तुमच्या डिझायनरला जरूर सांगा: चित्र उलटं करू नका. संगणकावर एक बटण दाबलं की चित्र आरशातल्यासारखं फिरतं, रचनेला बरं दिसतं म्हणून ही पोरं फिरवतात. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. आपल्याकडे उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं ही समजूत घट्ट आहे. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. फराळाबरोबर असा गणपती घरी आला की कुणीतरी आजी हमखास विचारणार, आता याचं करायचं काय. स्वस्तिकाचंही तेच, फिरवलं की उलटं वळतं. फॉइलचा ब्लॉक, रबरी शिक्का, काचेवर आतून लावायचा स्टिकर, यांत ही चूक सर्रास होते, कारण मूळ प्रत उलटी करावीच लागते आणि कुणीतरी ती दोनदा करतं. लक्ष्मी छापायचीच वेळ आली तर बसलेली घ्या; उभी लक्ष्मी चंचल, ती दुकानदाराला नको असते.

मग गणपती कुठं? पोस्टकार्डाएवढं एक कार्ड करा, जाड, बिनलॅमिनेशनचं. पुढं बाप्पा, मागं ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ किंवा पुढच्या वर्षाच्या सणवारांच्या तारखा. डबा उघडला की वरच दिसेल असं, बटरपेपरवर ठेवा, फराळाला चिकटू देऊ नका. हे कार्ड कुणी टाकत नाही. फ्रिजवर जातं, देवघरात जातं, गाडीच्या कप्प्यात जातं. ज्यांना ठेवायचं नसेल त्यांना ते भिजवून कुंडीतल्या मातीत जिरवता येतं, आणि कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहूनही टाका. 3000 कार्डांना खर्च डब्यांच्या मानाने किरकोळ येतो. सासूबाईंना सांगा, डबे भरायला घ्याल त्या सकाळी पहिला डबा देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं. पहिली पत्रिका आपण गणपतीलाच देतो ना, तसं.

कायद्याबद्दल थोडक्यात. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम 295-अ, 1927 मध्ये इंग्रजांच्या काळात आलेलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 299 व्या कलमात आहे. त्यात जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान हवा. अजाणता झालेल्या चुकीसाठी ते नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच स्पष्ट केलं. महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाने 2013 मध्ये मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, अनेक हातांत वेगवेगळ्या कंपन्यांचा माल आणि एका हातात बूट. तक्रारी झाल्या. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण रद्द केलं, असा हेतू दिसत नाही म्हणून. तुमच्या फराळाच्या डब्यावरून कुणी तुम्हाला कोर्टात खेचेल ही भीती सोडा. पण बघा, बूट हातात होता म्हणून लोक भडकले, क्रिकेटपटू विष्णू झाला म्हणून तितके नाही. मी वर पायाचं म्हणालो ते हेच.

ब्रँडचं नाव नोंदवणार असाल तर मात्र ऐका. ट्रेडमार्क कायदा 1999 चा, त्याच्या 9 व्या कलमात धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाला नोंदणी नाकारण्याची तरतूद आहे. शिवाय पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव हवं असलेल्याला सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नकार दिला. तेव्हा नुसतं देवाचं किंवा ग्रंथाचं नाव ब्रँड म्हणून घेऊ नका. आधीच शेकडो लोकांनी ते वापरलेलं असतं, नोंदणी झाली तरी भांडणात निभाव लागत नाही. घरच्या आजीचं नाव द्या, ते तुमचं एकटीचं.

आणि दिवाळीत किल्ला करतात म्हणून डब्यावर शिवाजी महाराजांचं चित्र टाकायचं कुणी सुचवेल, त्याला ठाम नाही म्हणा. महाराज देव नाहीत, पण 1950 चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. सूट आहे ती फक्त कॅलेंडरांना, तीही मालाची जाहिरात नसेल तर. म्हणजे गणपतीपेक्षा इथं कायदा कडक आहे, हे आमच्या धंद्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. संभाजी महाराजांच्या नावाच्या बिडीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. 2020 मध्ये आंदोलन झालं आणि कंपनीला नाव बदलायचं जाहीर करावं लागलं.

राहिले परदेशचे 200 डबे. तिथं अडचण स्वस्तिकाची आहे. नाझी पक्षाने 1920 मध्ये ते उचललं, 1935 मध्ये ते असलेला झेंडा जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. जर्मन लोक त्याला हाकेनक्रॉइझ म्हणतात, म्हणजे हुकांसारख्या वळलेल्या टोकांचा क्रूस. तिथल्या दंडसंहितेच्या 86-अ कलमाने ते जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. आपलं धार्मिक स्वस्तिक हा त्या कायद्याचा रोख नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 2022 मध्ये बंदी आणली, तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या वापराला सरळ सूट दिली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही त्याच वर्षी दोन्हींतला फरक मानला. म्हणजे कायद्याने तुम्ही सुरक्षित आहात. पण पार्सल कायदेपंडिताच्या हातात पडत नाही. ते पडतं म्युनिकच्या एखाद्या पोस्टमनच्या हातात, किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या, ज्यांचं अख्खं घर त्या चिन्हाखाली गेलं असेल. त्यांना दारात उभं राहून चातुर्मासाचं व्रत कोण समजावणार? तुमचा ग्राहक, दिवाळीच्या दिवशी. त्याला त्या जागी उभं करू नका. त्या 200 डब्यांना बाहेरून साधा खाकी खोका घाला, वर पणती किंवा कमळ, बास. स्वस्तिक हवंच असेल तर आत, गणपतीच्या कार्डावर, कुंकवाच्या रंगात आणि चारी घरांत ठिपके देऊन. घरात उघडणाऱ्याला ते आपलंच वाटेल.

एक रंगसंगती मात्र देशातही टाळा. आपल्याला लाल रंग शुभ, म्हणून डबा लाल. चिन्ह उठून दिसावं म्हणून मधे पांढरं वर्तुळ. छपाई स्वस्त व्हावी म्हणून चिन्ह काळ्या शाईत. तीनही निर्णय वेगवेगळे घेतले तर निष्पाप आहेत, एकत्र आले की थेट हिटलरचा झेंडा तयार होतो. आमच्याच टेबलावर एका मिठाईच्या खोक्याचं असं प्रूफ निघालं होतं. तिघांनी सह्या केल्या होत्या त्यावर, त्यातली एक माझी. छपाईची प्लेट काढणाऱ्या पोराने विचारलं, साहेब, हे सिनेमात असतं तसं नाही का दिसत?

वेळेचं म्हणाल तर सर्वपित्रीच्या आधी काम हातात द्या. पितृपक्षात नवं काम नको म्हणून लोक थांबतात, मशीन रिकामी असतात, भावही बरा मिळतो. सासूबाईंना चालणार असेल तरच अर्थात.

आणि छापायच्या आधी डिझायनरकडून कोऱ्या बोर्डावर एक खराखुरा डबा कापून, दुमडून घ्या, त्यावर साध्या प्रिंटरवरची चित्रं चिकटवा. त्यात चार लाडू ठेवून सासूबाईंच्या हातात द्या. लाडू काढून घ्यायला सांगा, मग म्हणा, आई, डबा रिकामा झाला, टाकून द्या. त्यांचा हात कुठं अडखळतो ते बघा, तेवढं चित्र काढा, आणि मग प्लेट काढायला सांगा.